वाळवंटातील जुनी छायाचित्रे : पुसल्या गेलेल्या जगाची साक्ष

वाळवंट म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर नजर पोहोचेल तिथवर पसरलेली वाळू आणि क्षितिजावरून जाणारा उंटांचा तांडा एवढेच चित्र उभे राहते. माणूस त्यात जवळजवळ नसतोच. प्रत्यक्षात अरबस्तान, सीरिया आणि इराक यांच्या दरम्यान पसरलेले विशाल वाळवंट कधीही निर्मनुष्य नव्हते. विहिरी, चराऊ कुरणे आणि व्यापारी मार्ग यांच्या आधाराने शेकडो टोळ्या तेथे पिढ्यान् पिढ्या राहत होत्या. मात्र या लोकांनी कागदोपत्री फारसे काही मागे ठेवले नाही. वंशावळी, भांडणतंटे, करारमदार आणि कविता हे सारे मुखोद्गत असे. तंबू उचलला की मुक्कामाची खूणही वाऱ्याने पुसली जाई. अशा समाजाचा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा चेहरामोहरा पाहायचा, तर आज आपल्याला मुख्यतः छायाचित्रांकडेच वळावे लागते.

अशी हजारो छायाचित्रे आज युरोपातील संग्रहालये आणि विद्यापीठे यांच्या संग्रहांत आहेत. त्यांतील बरीचशी आता संगणकावर पाहता येतात. ती मोहक आहेत यात शंका नाही. पण ती केवळ मोहक नाहीत. ती कोणी काढली, कशासाठी काढली आणि त्यांत कोणाचे नाव राहिले, कोणाचे गळले, याचा विचार केल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

ओल्या काचा आणि तापलेली हवा

इस्लामच्या पवित्र शहरांची पहिली ज्ञात छायाचित्रे युरोपीय प्रवाशाने काढलेली नाहीत. ती मुहम्मद सादिक बे या इजिप्तच्या लष्करी अभियंत्याने काढली. पॅरिसमध्ये शिक्षण घेतलेल्या सादिक बे यांना १८६१ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावरील अल वज्ह बंदरापासून मदिनेपर्यंतच्या मार्गाची पाहणी करण्यासाठी पाठविण्यात आले. मोजणीच्या साहित्याबरोबर त्यांनी कॅमेराही नेला आणि मदिनेची छायाचित्रे घेतली. पुढे १८८० मध्ये इजिप्तहून निघणाऱ्या हज यात्रेच्या काफिल्याचे खजिनदार म्हणून ते मक्केला गेले, तेव्हा त्यांनी काबा, भोवतालची मशीद आणि यात्रेकरूंचे तळ यांची छायाचित्रे काढली.

हे काम किती जिकिरीचे होते, याची कल्पना आज खिशात कॅमेरा बाळगणाऱ्यांना येणे कठीण आहे. त्या काळी ‘ओल्या काचे’ची पद्धत रूढ होती. काचेच्या तावदानावर कलोडियन नावाचा चिकट द्राव सारखा पसरायचा, मग ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यायचे आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत जाऊन ती धुवायची. हा सगळा खटाटोप जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. काच वाळली की चित्र गेलेच म्हणून समजावे. वाळवंटातील उष्ण हवेत ती लवकर वाळे, वाऱ्याबरोबर आलेला वाळूचा कण तिच्यावर चिकटून बसे आणि ती धुण्यासाठी लागणारे पाणी हीच तेथील सर्वांत दुर्मिळ वस्तू असे.

या तंत्राचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात चालणारी माणसे आणि हलणारी जनावरे पुसट होत किंवा अजिबात उमटत नसत. भिंती, मनोरे आणि टेकड्या मात्र स्पष्ट येत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील अनेक छायाचित्रांत गजबजलेली शहरेही ओस पडल्यासारखी दिसतात. पूर्वेकडील प्रदेश म्हणजे भग्नावशेष आणि शांतता, अशी जी समजूत युरोपात पसरली, तिला चित्रकार आणि लेखकांच्या कल्पनाशक्तीबरोबर कॅमेऱ्याच्या या मर्यादेनेही हातभार लावला असला पाहिजे.

त्या काळच्या मक्केच्या छायाचित्रांत मशिदीजवळच्या टेकडीवर अजयाद हा उस्मानी किल्ला दिसतो. हा किल्ला जानेवारी २००२ मध्ये पाडण्यात आला. तुर्कस्तानने त्याविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. परंतु तोवर टेकडीही सपाट होऊ लागली होती. आज त्या जागी सहाशे मीटरहून उंच घड्याळाचा मनोरा उभा आहे. टेकडी आणि किल्ला यांचे मशिदीशी कसे नाते होते, हे समजून घ्यायचे तर आता जुन्या छायाचित्रांचाच आधार घ्यावा लागतो.

पुसलेली सही

सादिक बे यांच्यानंतर पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, ख्रिस्तियान स्नूक हुरग्रोन्ये हा डच अभ्यासक मक्केत पोहोचला. आजचा इंडोनेशिया तेव्हा हॉलंडच्या ताब्यात होता आणि तेथून दरवर्षी हजारो यात्रेकरू हजला येत. मक्केत त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, याची डच सरकारला चिंता होती. हुरग्रोन्येने इस्लामचा स्वीकार करून ‘अब्दुल गफ्फार’ हे नाव घेतले आणि तो सुमारे सहा महिने मक्केत राहिला. हजच्या यात्रेपूर्वीच, ऑगस्ट १८८५ मध्ये, उस्मानी अधिकाऱ्यांनी त्याला शहर सोडण्यास भाग पाडले.

योगायोग असा, की मक्केत त्याची गाठ पडली ती अब्दुल गफ्फार याच नावाच्या एका स्थानिक वैद्याशी. सय्यद अब्दुल गफ्फार यांना यंत्रांची आणि नव्या विद्यांची आवड होती. हुरग्रोन्येकडून ते छायाचित्रण शिकले आणि तो गेल्यावरही त्यांनी हे काम चालू ठेवले. हज करून निघालेले यात्रेकरू, शहरातील प्रतिष्ठित मंडळी आणि मशिदीचे विस्तीर्ण दृश्य अशी त्यांनी काढलेली चित्रे हॉलंडला पोहोचली. १८८८ आणि १८८९ मध्ये हुरग्रोन्येने मक्केविषयीचे दोन चित्रसंग्रह प्रसिद्ध केले. दुसऱ्या संग्रहातील चित्रे मक्केतील एका वैद्याने काढली आहेत एवढे त्याने सांगितले. पण वैद्याचे नाव दिले नाही. मूळ प्रतींवर सुंदर अरबी अक्षरांत केलेली त्यांची सही छापील चित्रांतून काढून टाकण्यात आली होती.

मक्केत राहून छायाचित्रण करणारा पहिला ज्ञात मक्कावासी म्हणून आज अब्दुल गफ्फार यांचा उल्लेख होतो, तो लायडन येथील मूळ प्रती आणि कागदपत्रे अभ्यासकांनी तपासली म्हणून. छापील पुस्तक हाच शेवटचा पुरावा मानला असता, तर हा माणूस इतिहासातून कायमचा नाहीसा झाला असता. ‘पाश्चात्त्यांनी टिपलेले अरबस्तान’ असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा सादिक बे आणि अब्दुल गफ्फार या दोघांना विसरत असतो.

पाल्मायरा : दोनदा रिकामे झालेले देऊळ

गर्ट्रूड बेल हे नाव इराकच्या निर्मितीशी जोडलेले आहे. ऑक्सफर्डमध्ये इतिहास शिकलेल्या या इंग्रज विदुषीने पहिल्या महायुद्धापूर्वीच्या दीड दशकात सीरिया, इराक आणि उत्तर अरबस्तान यांत अनेक प्रवास केले. त्या प्रवासांत काढलेली सुमारे सात हजार छायाचित्रे इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात आहेत. तिची पत्रे आणि रोजनिश्या यांच्यासह हा संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत समाविष्ट झाला.

मे १९०० मध्ये बेल सीरियाच्या वाळवंटातील पाल्मायरा येथे गेली. इसवी सन ३२ मध्ये प्रतिष्ठापना झालेले बेल देवतेचे मंदिर (या देवतेचे आणि प्रवासिनीचे नाव मराठीत सारखेच लिहिले जाते, हा निव्वळ योगायोग) आणि खांबांची लांबच लांब रांग हे तेथील वैभव. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेने हे मंदिर आणि जवळचे बालशमीन मंदिर सुरुंग लावून उडविले. त्याच महिन्यात, पाल्मायराच्या संशोधनाला अवघे आयुष्य वाहिलेले ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ खालिद अल असाद यांची हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये विजयकमानही पाडण्यात आली. त्यानंतर जगभरच्या वृत्तपत्रांनी जुनी छायाचित्रे शोधून काढली. मंदिराचा कोणता दगड कोठे होता, हे ठरविण्यासाठी अशा चित्रांचा आजही उपयोग होतो.

परंतु १९३० पूर्वीची पाल्मायराची छायाचित्रे नीट पाहिली, तर त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मंदिराच्या भव्य आवारात मातीची घरे आहेत, गल्ल्या आहेत, राबता आहे. शतकानुशतके एक पूर्ण गाव त्या तटबंदीच्या आत नांदत होते. मंदिराचा गाभारा काही काळ चर्च होता आणि नंतर मशीद. सीरिया फ्रान्सच्या अमलाखाली असताना, १९२९ ते १९३२ या काळात, उत्खननासाठी हे गाव उठविण्यात आले, घरे पाडली गेली आणि रहिवाशांना शेजारी वसविलेल्या नव्या तदमुर गावात हलविण्यात आले. पर्यटकांना पुढे जे स्वच्छ, निर्मनुष्य, ‘प्राचीन’ पाल्मायरा दिसले, ते अशा रीतीने तयार झाले होते.

या दोन घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. एकीत द्वेषाने केलेला विध्वंस आणि माणसांची हत्या आहे. दुसरीत विद्येच्या नावाखाली केलेले विस्थापन. तरीही २०१५ मधील हानीविषयी हळहळताना त्या मातीच्या घरांची आठवण कोणी काढली नाही, हे खरे. त्या गावाची साक्ष बव्हंशी छायाचित्रांनीच जपली आहे, आणि तीही बहुधा न ठरविता, कारण छायाचित्रकाराचे लक्ष खांबांकडे होते.

ज्ञान आणि हेरगिरी

१९१४ च्या फेब्रुवारीअखेर बेल उत्तर अरबस्तानातील हाइल येथे पोहोचली. तेथे राज्य करणारे रशीद घराणे आणि रियाधचे सौद घराणे यांच्यात हाडवैर होते. हाइलमध्ये बेलला सुमारे अकरा दिवस अडकवून ठेवण्यात आले. परंतु निघण्यापूर्वी तिला शहराची आणि राजवाड्याची छायाचित्रे घेण्याची मोकळीक मिळाली. सात वर्षांनी, १९२१ मध्ये, हाइल सौद घराण्याच्या हाती पडले आणि रशीद घराण्याची सत्ता संपली. त्यांच्या बरझान राजवाड्याचे आज मोजके अवशेष उरले आहेत. मावळलेल्या त्या राजवटीचे शेवटचे दिवस बेलच्या चित्रांत राहिले.

या छायाचित्रांचा दुसरा उपयोगही नजरेआड करता येत नाही. विहिरी कोठे आहेत, कोणत्या टोळीचा शेख कोण आहे, तटबंदी किती भक्कम आहे, ही सारी माहिती युद्धकाळात लष्कराच्या कामाची होती. महायुद्ध सुरू झाल्यावर बेल ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात गेली आणि पुढे बगदादमध्ये वरिष्ठ अधिकारी झाली. कुवेतमधील ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी कॅप्टन विल्यम शेक्सपिअर याची गोष्टही अशीच. तो हिंदुस्थान सरकारच्या सेवेतला अधिकारी. सौदी अरेबियाचे भावी संस्थापक इब्न सौद यांचे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र त्याने १९१० मध्ये काढले. जानेवारी १९१५ मध्ये जर्राबच्या लढाईत इब्न सौद यांच्या बाजूने उभा असताना तो मारला गेला. अशा लोकांच्या छायाचित्रांत कुतूहल, स्नेह आणि राजकारण एकमेकांत मिसळलेले असते. त्यांतले एक वेगळे काढून उरलेली नाकारणे शक्य नसते.

थेसिजर, टोळ आणि रुब अल खाली

अरबस्तानच्या दक्षिणेस ‘रुब अल खाली’ म्हणजे ‘रिकामा चतुर्थांश’ या नावाचा वाळूचा महासागर आहे. बर्ट्रम थॉमस याने १९३०-३१ मध्ये आणि सेंट जॉन फिल्बी याने १९३२ मध्ये तो ओलांडला होता. मात्र तेथील लोकांचा सर्वांत समृद्ध चित्रसंग्रह उभा केला, तो विल्फ्रेड थेसिजर याने. अदिस अबाबा येथे १९१० मध्ये जन्मलेला हा इंग्रज १९४५ मध्ये अरबस्तानात आला, तो टोळधाडीच्या कामासाठी. टोळ कोठे अंडी घालतात याचा शोध ब्रिटिशांच्या टोळनिर्मूलन पथकाला घ्यायचा होता आणि त्यासाठी त्या दुर्गम भागात कोणी तरी जाणे आवश्यक होते.

टोळांचा हा विषय आपल्यालाही परका नाही. २०१८ मध्ये मे महिन्यात ‘मेकुनू’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ ही चक्रीवादळे रुब अल खालीवर पाऊस पाडून गेली. ओलसर वाळूत टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. तेथून सुरू झालेला उद्रेक पूर्व आफ्रिका, इराण आणि पाकिस्तान असा पसरत मे २०२० मध्ये विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांपर्यंत येऊन ठेपला. सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी थेसिजर ज्या प्रदेशात टोळांचा माग काढीत हिंडत होता, तोच हा प्रदेश.

थेसिजरने रशीद टोळीतील सोबत्यांसह १९४६-४७ आणि १९४७-४८ मध्ये दोनदा हे वाळवंट ओलांडले. लायका कंपनीचा छोटा कॅमेरा तो वाळूपासून जपण्यासाठी बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवी. काचांचे ओझे आता उरले नव्हते. फिल्मच्या एका गुंडाळीवर छत्तीस चित्रे मावत आणि चालत्या उंटावरील स्वारही स्पष्ट टिपता येई. त्याच्या हयातभरच्या प्रवासांतील सुमारे ३८ हजार निगेटिव्ह आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत.

या संग्रहाचे मोठेपण संख्येत नाही. माणसांना नावे आहेत, यात आहे. पूर्वीच्या अनेक चित्रांखाली ‘एक बदाऊनी’, ‘अरब शेख’ किंवा ‘स्थानिक प्रकार’ एवढेच लिहिलेले असे. थेसिजरच्या चित्रांत सालिम बिन कबीना आणि सालिम बिन घबैशा हे तरुण आपल्या नावागावानिशी येतात. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘अरेबियन सँड्स’ या पुस्तकामुळे ते जगभर ओळखले गेले. ‘रिकाम्या’ म्हणविल्या जाणाऱ्या प्रदेशात कोण राहत होते, याचे हे सर्वांत नेमके उत्तर आहे.

मार्च १९४८ मध्ये थेसिजर अबू धाबीला पोहोचला, तेव्हा ते सुमारे दोन हजार वस्तीचे गाव होते. मोत्यांचा व्यापार बसला होता. आखातातील मोती एके काळी मुख्यतः मुंबईच्या बाजारात येत. जपानी संवर्धित मोती आणि १९३० च्या दशकातील जागतिक मंदी यांनी तो धंदा मोडला. व्यवहार मात्र रुपयातच चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी काढलेल्या खास नोटा तेथे १९६६ पर्यंत वापरात होत्या. अबू धाबीत १९५८ मध्ये तेल सापडले, १९६२ मध्ये त्याची निर्यात सुरू झाली आणि १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली. आज कोकणासह महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचा ज्या शहरांशी नोकरीधंद्यामुळे संबंध आहे, त्यांचे तेलापूर्वीचे रूप थेसिजरच्या चित्रांत आहे. वाळूतून डोके काढणारा कसर अल होस्न हा किल्ला तेव्हा त्या गावातील ठळक वास्तू होता. आज तो उंच इमारतींच्या गराड्यात जतन केलेले संग्रहालय आहे.

हळहळ कोणाची?

१९७७ मध्ये थेसिजर पुन्हा तेथे गेला आणि मोटारी, रस्ते, काँक्रीट पाहून खिन्न झाला. त्याचे जुने सोबती मात्र मोटारी चालवीत होते. या विसंगतीत जुन्या छायाचित्रांविषयीचा कळीचा प्रश्न दडलेला आहे. भुकेने खंगलेले चेहरे, फाटके कपडे, कडवट पाण्याच्या विहिरी यांत पाहुण्याला उदात्तता दिसली. ज्यांना ते रोज सोसायचे होते, त्यांना दवाखाना, शाळा आणि नळाचे पाणी हवे होते. थेसिजर यंत्रयुगाचा तिटकारा करी आणि त्याच्या चौकटीत त्या युगाला फारसा थारा नव्हता. तेलाचा शोध घेणाऱ्या कंपन्यांची माणसे मात्र त्याच काळात अरबस्तानात वावरत होती. शिवाय तो पुरुषांबरोबर हिंडला. त्यामुळे तंबू विणणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या स्त्रियांचे जग त्याच्या संग्रहात तुलनेने थोडेच दिसते.

याचा अर्थ ही चित्रे खोटी आहेत असा नव्हे. ज्यांच्या आजोबांचे एकही चित्र घरात नाही, अशा कुटुंबांसाठी परक्या माणसाने काढलेले ते चित्र हाच एकमेव दुवा असतो. अमिरातीतील अल ऐन येथे अल जाहिली किल्ल्यात थेसिजरच्या छायाचित्रांचे दालन उभारण्यात आले. त्याला नाव दिले ते ‘मुबारक बिन लंडन’. वाळवंटातील सोबत्यांनी थेसिजरला याच नावाने हाक मारली होती. ज्यांची छायाचित्रे काढली गेली, त्यांच्या नातवंडांनी छायाचित्रकाराला आपल्या नावाने आपल्या किल्ल्यात जागा दिली, ही या कहाणीतील समाधानाची बाजू होय.

तथापि बहुसंख्य चित्रांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. काचा तडकतात, फिल्म कालांतराने खराब होते आणि चित्रातील माणसाला ओळखणारी शेवटची पिढी आता फार वृद्ध झाली आहे किंवा हयात नाही. चित्राची संगणकीय प्रत काढता येते. त्यातील माणसाचे नाव मात्र कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. ते जाणकाराला विचारूनच लिहून घ्यावे लागते, आणि तेही वेळेवर. म्हणूनच अशी छायाचित्रे पाहताना वाळूच्या लाटांवर नजर खिळण्याआधी खालची ओळ वाचावी. तेथे नाव असेल, तर कोणी तरी त्या माणसाची विचारपूस केली होती. नसेल, तर त्या संग्रहाचे काम अजून पुरे झालेले नाही.